नजमा हेपतुल्ला : लोकांतून निवडून आल्या नाहीत, म्हणून कारकीर्द उणी?

मास्तरीणबाय, फोंडा
परवा वाचनालयात आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर विषय निघाला, दिल्लीच्या राजकारणात सगळ्यांत लांब पल्ला गाठलेली मुसलमान बाई कोण? मी म्हटलं, नजमा हेपतुल्ला. एक गृहस्थ फिसकन हसले. म्हणे, "ती लोकांतून कधी निवडून आली हो?" ते हसू घरी आले तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडते.

भोपाळचा जन्म, १९४०चा. मौलाना आझादांच्या नात्यातल्या. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., पुढे हृदयाच्या रचनेवर पीएच.डी. १९८० मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेत गेल्या, तिथूनच चार खेपा. मग २००४ मध्ये काँग्रेस सोडून भाजप, आणि राजस्थान व मध्य प्रदेशातून आणखी दोन खेपा. राज्यसभेच्या उपसभापती एकदा १९८५ मध्ये वर्षभर, आणि नंतर १९८८ ते २००४ सलग. राजीव गांधींपासून वाजपेयींपर्यंत सात पंतप्रधान आले आणि गेले, खुर्चीवर बाई त्याच. १९९९ मध्ये जगभरच्या संसदांच्या संघाच्या, म्हणजे आंतर-संसदीय संघाच्या अध्यक्ष झाल्या. २०१४ मध्ये केंद्रात मंत्री, २०१६ मध्ये मणिपूरच्या राज्यपाल.

लोकसभा नाही, कबूल. मागच्या दाराने आली म्हणून बाईला हसणाऱ्यांनी पुढच्या दाराला कुलूप कोणी लावलं तेही सांगावं. २०२४च्या लोकसभेत ५४३ जणांत मुसलमान स्त्रिया दोन. कैरानाच्या इकरा हसन आणि उलुबेरियाच्या सजदा अहमद. बस.

तिसवाडीकार
बाई, कुलूप होतं हे मान्य. पण ते तोडणारीही होती की! मोहसिना किडवाई. १९७७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसचा पार धुव्वा, ८५ पैकी एकही जागा नाही. इंदिरा गांधी स्वतः पडलेल्या. आणि पुढच्याच वर्षी आझमगढच्या पोटनिवडणुकीत ही बाई उभी राहिली आणि जिंकली. त्यानंतर मेरठहून दोनदा लोकसभा. तिचं नाव तुमच्या कट्ट्यावर का निघालं नाही?

नजमाबाईंना मत द्यायचे ते आमदार. २००७ मध्ये उपराष्ट्रपतिपदाला उभ्या राहिल्या तिथेही मतदार खासदारच, आणि हमीद अन्सारींच्या ४५५ समोर २२२ मतं. गल्लीत जाऊन "मला मत द्या" म्हणण्याची वेळ ज्या माणसावर कधी आली नाही, त्याला मी लोकनेता म्हणणार नाही. बाई असो, बुवा असो.

मास्तरीणबाय, फोंडा
मी लोकनेता म्हटलंच नाही. संसदपटू म्हटलं तर चालेल ना? सोळा-सतरा वर्षं गोंधळ घालणाऱ्या दोन-अडीचशे पुरुषांना "बसा" म्हणणं हेही काम आहे. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळून बघा एकदा.

म्हापशेचो
पक्ष बदलला त्याचं काय? चोवीस वर्षं काँग्रेसच्या जिवावर सगळी पदं भोगली आणि सरतेशेवटी उडी.

शापोरा किनारा
म्हापशेचो बाब, पक्षांतरावर बोलायचं तर ते गोंयकारांनी तरी नको. २०२२च्या विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेसच्या सगळ्या उमेदवारांनी महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथा घेतल्या, पक्ष सोडणार नाही म्हणून. सप्टेंबरात निवडून आलेल्या अकरांपैकी आठ पलीकडे, भाजपात. देव, खुरीस, पीर, सगळ्यांना एकाच वर्षात फसवलं. त्या मानाने नजमाबाईंनी एकदाच बदलला, तोही चौथी खेप संपत आल्यावर.

कारण त्यांनी आत्मचरित्रात सांगितलंय. १९९९ मध्ये बर्लिनला आंतर-संसदीय संघाची निवड झाली, तेव्हा वाजपेयी फोनवर लगेच आले आणि खूष झाले. सोनिया गांधींना लावला तर तासभर फोन धरून ठेवायला लावला आणि बोलल्याच नाहीत. एका बाजूचीच गोष्ट आहे ही, पण मनात सल कसा राहतो ते कळतं.

म्हापशेचो
म्हणजे फोन घेतला नाही म्हणून विचारसरणी बदलली? 😀

मडगावचो रुमाल
मी मुसलमान आहे म्हणून सांगतो. २०१४ मध्ये अल्पसंख्याक खात्याची सूत्रं घेतल्या घेतल्या त्या म्हणाल्या, मुसलमान अल्पसंख्य नाहीत, अल्पसंख्य म्हणजे पारशी. ज्या खात्याची मंत्री त्याचाच पाया उपटायचा? आम्ही गोव्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे ८.३३ टक्के. देशातलं सोडा, आमच्या मडगावात कबरस्तानासाठी जागा मागताना पायताणं झिजली. तिथे 'तुम्ही अल्पसंख्य नाही' हे ऐकायला कोणाला आवडेल? त्या कधी आमच्या नव्हत्याच. त्या ज्या पक्षात होत्या त्या पक्षाच्या होत्या.

तिसवाडीकार
आणि आता मुख्य गोष्ट, जी गोंयकारांनी तरी विसरू नये. मार्च २०१७. मणिपुरात ६० पैकी काँग्रेस २८, भाजप २१. राज्यपाल नजमा हेपतुल्ला. सरकार कोणाचं झालं? भाजपचं, बिरेन सिंग. त्याच आठवड्यात इथे ४० पैकी काँग्रेस १७, भाजप १३. राज्यपाल मृदुला सिन्हा. सरकार कोणाचं? भाजपचंच, पर्रीकर. १४ मार्चला पणजीत शपथ, १५ला इम्फाळात. दोन्ही राजभवनांत बाया होत्या. त्या खुर्चीवर बाई बसल्याने काय फरक पडला ते मला सांगा.

शापोरा किनारा
हे अर्धवट झालं. दोन्हीकडे काँग्रेस बहुमताच्या मागे होती. इथे नेता कोण यावर त्यांचा घोळ चालू असताना गडकरी रात्रीत मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांना जोडून मोकळे झाले. सर्वोच्च न्यायालयाने ताबडतोब बहुमत दाखवायला सांगितलं, आणि १६ तारखेला पर्रीकरांनी २२ विरुद्ध १६ ने दाखवलं. राज्यपालाने आकडे मोजावेत की मोठ्या पक्षाच्या दारात जाऊन 'उठा, जागे व्हा' म्हणावं? उपसभापतिपदी इतकी वर्षं काढलेल्या बाईला मोजणी नक्कीच येत होती.

मास्तरीणबाय, फोंडा
इथे मात्र मी तिसवाडीकारांच्या बाजूची. मोजणी येत होती म्हणूनच जास्त खटकलं. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलावून 'दाखवा बघू' म्हणायला काय जात होतं? नसते दाखवता आले तर दुसरे होतेच. त्यांच्या कारकिर्दीतलं हे पान मला आवडत नाही, आणि तसलंच पान आमच्या गोव्यातही निघालं हे अधिक बोचतं.

डिचोलीचा सूर
एक सांगू का, गोव्यात समान नागरी कायदा आहे, १८६७च्या पोर्तुगीज संहितेवरचा, त्यामुळे इथल्या मुसलमान बायका...

मास्तरीणबाय, फोंडा
तो विषय वेगळ्या धाग्यावर, डिचोलीबाब. नाहीतर हा धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि नजमाबाई कोण ते सगळे विसरतील.

सत्तरीकरीण
बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. घरात दखनी, शाळेत मराठी, बाजारात कोंकणी अशी वाढलेली मी. आमच्या गावच्या पंचायतीत एक खेप पंच, म्हणजे निवडून आलेली सदस्य, होते. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा नवऱ्याचे मित्र घरी येऊन म्हणाले, "भाभीला उभी कर." मला कोणी विचारलंच नाही. निवडून आले. तिसवाडीकारांच्या हिशोबाने मी लोकनेता!

पहिलं वर्षभर बैठकीची नोटीस नवऱ्याच्या हातात पडायची. लोक त्यालाच 'पंच' म्हणून हाक मारायचे. विजेच्या, नळाच्या जोडणीचे ना-हरकत दाखले मागायला येणारे माझ्या दारात उभे राहून विचारायचे, "भाई आहेत का?" हळूहळू मी फायली घरी आणून वाचायला लागले. एस्टिमेट म्हणजे काय, ठराव कसा लिहायचा, रविवारच्या ग्रामसभेत ओरडणाऱ्याला कधी बोलू द्यायचं आणि कधी नाही. तिसऱ्या वर्षी रस्त्याच्या गटाराच्या एका बिलावर सही नाकारली. मग कुठे लोकांनी विचारायला सुरुवात केली, "भाभी आहेत का?"

पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला. आमच्याच मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, आता पुरे, पुरुषांना करू दे. मी तरी उभी राहिले. पडले.

म्हणून सांगते, लोकांनी मत दिलं तेव्हा ते माझं नव्हतं. माझं झालं तेव्हा दिलं नाही. इकरा हसनचे वडील खासदार, आई खासदार. सजदाबाईंचे नवरे खासदार होते. गोव्याच्या विधानसभेत २०२२ मध्ये तीन बाया निवडून आल्या, तिघींचेही नवरे राजकारणात. पुढच्या दाराला कुलूप असतंच, आणि बहुतेक वेळा किल्ली घरातल्या कुणा पुरुषाच्या खिशात असते. नजमाबाईंची किल्ली पक्षश्रेष्ठींच्या खिशात होती, एवढाच फरक.

मडगावच्या भाईंना म्हणेन, पारशांबद्दलचं त्यांचं बोलणं मलाही लागलं होतं. तरी लहानपणी दूरदर्शनवर राज्यसभेत ती बाई उंच खुर्चीवर बसून मोठमोठ्या नेत्यांना गप्प करताना बघितली होती. ग्रामसभेत पहिल्यांदा "बसा" म्हटलं तेव्हा तोच आवाज काढला होता.

मडगावचो रुमाल
बहन, तुमच्या गटाराच्या बिलाला माझा सलाम. नजमाबाईंना अजून नाही.

तिसवाडीकार
सत्तरीकरीण, लोकनेत्याबद्दलचं वाक्य मागे घेतो, तुमच्यापुरतं. राज्यपालांबद्दलचं नाही. पुढच्या पंचायत निवडणुकीला उभ्या राहणार का?

सत्तरीकरीण
आधी वॉर्डांच्या आरक्षणाची यादी तर लागू दे. ती नेहमी अर्ज भरायच्या तोंडावर लागते.