पेपर मिलचं पाणी: मऊ आधी करायचं की यूएएसबीनंतर?

कळीचा चुना: रद्दीवर चालणारी क्राफ्ट (खोक्यांच्या तपकिरी कागदाची) मिल, सांडपाण्यात कॅल्शियमचा जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, 1,200 मिग्रॅ/लि. धरा. माझं मत, आधी चुना-सोडा ॲश टाकून पाणी मऊ करा, मगच जिवाणूंच्या ताब्यात द्या. नाहीतर यूएएसबीतल्या (पाणी खालून वर चढतं आणि हवेविना जगणारे जिवाणू घाण खातात, त्या टाकीतल्या) ग्रॅन्युलचे, म्हणजे जिवाणूंच्या दाण्यांचे, खडे होतात. चार दाणे धुऊन पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडात टाका. फसाफसा फेस आला तर आत चुना धरलाय. असे दाणे तळाला बसतात, फीडची भोकं बुजतात, पाणी एकाच बाजूनं वाट काढतं आणि आउटलेटचं व्हीएफए (न पचलेली सेंद्रिय आम्लं) चढतं.

गाळवाला: अन् सोड्याचं बिल? कच्च्या पाण्यातला बराच कॅल्शियम ॲसिटेटसारख्या आम्लांबरोबर असतो. नुसत्या चुन्यानं तो बसत नाही, उलट भर पडते. असा 1,000 मिग्रॅ जडपणा काढायला घनमीटरमागे 1.06 किलो सोडा ॲश जाते आणि लिटरमागे 460 मिग्रॅ सोडियम वाढतो. ते पाणी काळ्या रानात सोडून बघा, जमीन चोपण होते. यूएएसबीत त्याच ॲसिटेटचा मिथेन होतो, मागं बायकार्बोनेट उरतं. मग हवा मारून कार्बन डायऑक्साइड उडवा, पीएच 8 च्या वर गेला की कॅल्शियम बसायला लागतो.

कळीचा चुना: बसतो हो, पण पुढच्या एरेशन टाकीत हवा सोडणाऱ्या डिफ्यूझरच्या रबरावर! भोकं बुजली, ब्लोअरचा दाब वाढला, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) पडला.

गाळवाला: एरेशन टाकीत कोण करायला सांगतंय? तिच्याआधी कोनाच्या तळाची वेगळी टाकी, भोकांच्या साध्या पाइपातून मोठ्या बुडबुड्यांची हवा. बसलेला चुन्याचा गाळ थोडा परत फिरवायचा, म्हणजे नवे स्फटिक त्यावर धरतात, भिंतीवर कमी. जडपणा 200 वर आला की तेच पाणी फीडमध्ये एकास एक मिसळा, 1,200 चे 700 होतात.

कळीचा चुना: म्हणजे यूएएसबीत वर चढणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट. हलका गाळ वाहून गेला तर?

बोअरचं पाणी: कॅल्शियम येतो कुठून, हे कुणी बोलेना. रद्दीतला फिलर (कागदात भरलेली पांढरी पूड) बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटच. चेस्टच्या (पल्प साठवायच्या टाकीच्या) कोपऱ्यात पल्प आंबला, पीएच 6 च्या खाली गेला की तो विरघळतो. उन्हाळ्यात जायकवाडी तळाला गेलं की लूप आवळायचा, म्हणजे तेच पाणी मिलमध्ये फिरवत राहायचं, मग आम्लही साठतं, कॅल्शियमही. आधी चेस्ट धुवा.

गाळवाला: चेस्टचं कबूल. आणि चुना आधी टाकणाऱ्यांनी जिवाणूंना खाऊ म्हणून द्यायचं डीएपी खत तरी नंतर टाकावं, नाहीतर फॉस्फेट कॅल्शियमला धरून गाळात जातं आणि जिवाणू उपाशी.

कळीचा चुना: डीएपीचं मान्य. वेगाचं उत्तर अजून आलं नाही.