फायनल फँटसी ७ ची पार्श्वचित्रं मोठ्या टीव्हीवर धुरकट का?

पिक्सेलवेडा: १९९७ चा मूळ व्हिडिओ गेम. पात्रं रेखीव दिसतात, पण मागचं मिडगार शहर पुसट. सगळी मजाच जाते. सेटिंग चुकतंय का?

त्रिमिती: नाही. पात्रं बहुभुजांची, त्यामुळे कुठल्याही रिझोल्यूशनला नव्याने रेखली जातात. मागचं दृश्य आधीच रेंडर करून ठेवलेलं सपाट चित्र, तेही ३२०×२४० च्या आसपासच्या पडद्यासाठी. इम्युलेटरचं (जुन्या कन्सोलचे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) अंतर्गत रिझोल्यूशन १ पट, म्हणजे मूळ खेळाइतकंच, ठेवा आणि स्कॅनलाइन फिल्टर (जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा) लावा. दोन्हींचा पोत जुळतो.

जुना_जॉयस्टिक: एआयने मोठी केलेली चित्रं टाकणार असाल तर जपून. पुढचे पाइप, कठडे वेगळ्या थरावर असतात, म्हणून तर खेळाचा नायक क्लाउड त्यांच्यामागून जातो. थर सुटे सुटे मोठे केले की कडेला रेघ उमटते. आधी जोडून मोठं करा, मग मूळ मास्क (कुठला भाग कुठल्या थरात ते ठरवणारा साचा) तितक्याच पटीने वाढवून कापा. आणि गंज, तेलाचे डाग गुळगुळीत झाले तर मिडगारचा कळकटपणाच गेला. हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार!

पिक्सेलवेडा: आणि माकोचा, म्हणजे खेळातल्या त्या ऊर्जेचा, हिरवा उजेड?

त्रिमिती: बराचसा चित्रातच रंगवलेला आहे. ब्राइटनेस चढवू नका. भोवतीचा काळोख राखाडी झाला की तो हिरवा मरतो.