मदत हवी आहे: फ्रान्समध्ये कुटुंबाकडे पैसे देऊन राहायचं, व्हिसाला कोणता कागद?

मी आणि आई, दोघी नाशिकहून मे महिन्यात फ्रान्सला जातोय. तूर शहरात एका कुटुंबाकडे तीन आठवडे राहणार, रोजचे पैसे देऊन. नातं किंवा जुनी ओळख नाही. बाकीची तयारी झाली आहे : 30,000 युरोंचं विमा कवच, बँक स्टेटमेंट, आईची पेन्शन स्लिप.

अडलंय ते राहण्याच्या पुराव्यावर. ओळखीच्या घरी राहणाऱ्यांसाठी यजमान तिथल्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासियाँ दाक्यॉय’ हे पत्र काढतात. घरमालकीण काकूंना विचारलं. त्यांच्याकडे आजवर युरोपातलेच पाहुणे आले, त्यांना व्हिसाच लागत नाही, त्यामुळे हे पत्र त्यांनी कधी काढलेलं नाही. त्या सही करून पत्र, पैशांची पावती आणि घराचं वीजबिल द्यायला तयार आहेत. गंगापूर रोडच्या एजंटने सांगितलं, हॉटेल बुक करा आणि व्हिसा आला की रद्द करा. तसं खोटं मला करायचं नाही.

आईचे गुडघे दुखतात. बोटांच्या ठशांसाठी मुंबईची एक फेरी तिला झेपेल, कागद कमी पडला म्हणून दुसरी नको.

आणखी एक, दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणून पेढे सोडून बेदाणे आणि चिवडा नेतोय. तेवढं ठीक आहे ना?

पण मुख्य प्रश्न हा : पैसे देऊन घरी राहताना कुणी पावती आणि यजमानांच्या पत्रावर फ्रान्सचा व्हिसा मिळवलाय का, की नगरपालिकेचं पत्रच मागितलं?