मदत हवी आहे : शिशाच्या भट्टीसाठी मराठी शब्द

नमस्कार मंडळी, मोझेस ऑस्टिन या अमेरिकन खाणमालकावर लेख लिहितोय आणि भट्टीपाशीच अडलोय. हा माणूस 1798 मध्ये व्हर्जिनियातल्या शिशाच्या खाणी सोडून बायकामुलांसह मिसूरीत गेला. तेव्हा तो मुलूख स्पेनचा. तिथले फ्रेंच लोक ओंडक्यांवर खनिज रचून पेटवायचे. बरंचसं शिसं राखेतच राहायचं. ऑस्टिनने रिव्हर्बरेटरी भट्टी बांधली. तिच्यात जाळ एका बाजूला, खनिज दुसऱ्या बाजूला, आणि ज्वाळा छताला थडकून खनिजावर उतरते. कोशात ‘परावर्तनी भट्टी’ सापडलं, पण ते पाठ्यपुस्तकी वाटतं. ‘उलट्या जाळाची भट्टी’ चालेल का?

दुसरं, वितळताना वर येणाऱ्या घाणीला ‘धातुमळी’ म्हणतात हे ठाऊक आहे. पण ओतारी किंवा तांबट घरातलं कोणी आहे का इथे? तुमच्याकडे बोलताना काय म्हणतात? आजोबांच्या तोंडचा शब्द असला तर फारच उत्तम.

पुढे 1819 च्या मंदीत तो पार बुडाला, टेक्सासात वसाहतीची परवानगी मिळवली आणि 1821 मध्ये वारला. तो भाग लिहून झालाय, अडलंय ते भट्टीवरच.