शाकिब सोडून बोला: बांगलादेशचा तुमचा खेळाडू कोण?

डावरा_फिरकी:
काल भाच्याशी वाजलं. त्याचं म्हणणं, बांगलादेशचं क्रिकेट म्हणजे शाकिब अल हसन, बाकीचे सगळे भरतीचे. २०१९ च्या विश्वचषकात ६०६ धावा आणि ११ बळी! त्यापुढे मी काय बोलणार, गप्प बसलो. पण डोक्यात मोहम्मद रफीक घोळत होता, आणि तोही एका न घेतलेल्या विकेटसाठी. ते नंतर सांगतो. आधी तुमचा कोण ते सांगा. आकडे मलाही शोधता येतात, डोळ्यांसमोर राहिलेलं काहीतरी लिहा.

लेगबाय:
तमीम इक्बाल. दुबई, आशिया कप २०१८, समोर श्रीलंका. दुसऱ्याच षटकात लकमलचा चेंडू डाव्या हातावर बसला, फ्रॅक्चर. नववी विकेट पडली आणि हा परत येताना दिसला, ग्लोव्ह कापून त्यातून प्लास्टरची बोटं बाहेर काढलेली. डावा हात पोटाआड लपवून उजव्या हाताने एक चेंडू खेळला. एकच, तोही लकमलचाच, आणि नुसता अडवला. पुढचे सगळे मुशफिकूरने घेतले. शेवटच्या जोडीने ३२ वाढवल्या, मुशीच्या १४४.

अण्णा_स्लिपमधले:
मश्रफी मुर्तझा. १७ मार्च २००७, पोर्ट ऑफ स्पेन, विश्वचषक, समोर आपला भारत. तो सामना आठवला की अजून पोटात ढवळतं, पण आपलं रडगाणं राहू दे. आदल्याच दिवशी तिकडे खुलन्यात मंजुरल इस्लाम राणा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. २२ वर्षांचा पोरगा, ह्यांच्याबरोबर खेळलेला. आणि मश्रफीने तिसऱ्याच षटकात सेहवागचा दांडा उडवला. ३८ धावांत ४ बळी. आपण १९१.

डावरा_फिरकी:
अण्णा, जखमेवर मीठ!
बरं, रफीक. १९९८ मध्ये हैदराबादला केनियाविरुद्ध सलामीला येऊन ७७ आणि वर ३ बळी, त्यांचा पहिला वनडे विजय तो. कसोटीत शंभर बळी घेणारा पहिला बांगलादेशी पण तोच. मला मात्र आठवतो मुलतान २००३. पाकिस्तानला २६१ हव्या होत्या, इंझमाम एकटा उभा, पलीकडे उमर गुल. रफीक चेंडू टाकायला आला तर गुल क्रीज सोडून केव्हाच पुढे. रफीक थांबला, त्याला समज दिली आणि परत आपल्या जागेवर गेला. पाकिस्तान एका विकेटने जिंकलं, इंझमाम नाबाद १३८.

नो_बॉल:
माफ करा, पण हा भाबडेपणा झाला. मांकडिंग, म्हणजे चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या पलीकडच्या फलंदाजाला गोलंदाजाने धावबाद करणं, नियमात बसतं. तोवर एकही कसोटी न जिंकलेल्या संघाने दिलदारी कसली दाखवायची? पहिला विजय मिळायला २००५ चा जानेवारी उजाडला, तोही झिम्बाब्वेविरुद्ध.

डावरा_फिरकी:
@नो_बॉल, नियमाचं शंभर टक्के मान्य. मी त्या जागी असतो तर बेल्स उडवल्या असत्या आणि वर अपीलही घसा फोडून केलं असतं. म्हणून तर तो माझा खेळाडू.
भाच्याला धागा पाठवला. त्याचं एका ओळीचं उत्तर आलंय: "मामा, म्हणजे हरलेच ना?"