जुलैत कॅम्परव्हॅन घेऊन पणजी, वेडेपणा आहे का?

घाटावरचा_पम्या:
मंडळी, सल्ला हवाय. मेव्हण्याने ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन तिची कॅम्परव्हॅन करून घेतलीये, मागे बेड, छोटा ओटा, टपावर सोलर, सगळं. जुलैत पाच दिवस द्यायला तयार आहे (जुलैत त्याला स्वतःला ती नको असते हे मला नंतर कळलं). आम्ही चौघं, मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई, आईचा गुडघा दुखतो. गोवा तीनदा झालाय पण तिन्ही वेळा कळंगुट-बागा आणि परत, पणजी म्हणजे पुलावरून दिसलेले कॅसिनो एवढंच. या वेळी बीच नकोच, पणजी आणि आसपासचं निवांत बघायचं. रात्री मिरामारला समुद्रासमोर गाडी लावून झोपता येतं का? थंडी किती असते, रजया घेऊ का? आणि पुण्याहून जाताना आंबोली की चोर्ला? सासरे म्हणतायत पावसाळ्यात गोव्यात जाऊन काय छत्र्या मोजणार, त्यांना तोंड बंद होईल असं उत्तर द्यायचंय.

मांडवीकाठ:
पम्याबाब, मिरामार आधी डोक्यातून काढा. रात्री कुणीतरी काचेवर टकटक करून उठवणारच, आणि ओटा बाहेर ओढून चहा टाकलात तर वेगळंच, २०१९ मध्ये कायदा बदलल्यापासून पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला बंदी आहे, दंड आहे. त्यापेक्षा पणजीजवळ रायबंदरला किंवा नदीतल्या दिवाडी बेटावर अंगण असलेलं एखादं गेस्टहाऊस फोन करून विचारा, पावसात त्यांच्याकडे कोण येतंय, एक खोली आईसाठी घ्या आणि गाडी आवारात लावा. फक्त माडाखाली नको. वरून नारळ आला की तुमचं सोलर गेलं, आणि झावळीसुद्धा काही हलकी नसते.

रजया घरीच ठेवा. जुलैत रात्रीसुद्धा पारा २४ च्या खाली फारसा जात नाही. आमच्याकडे थंडी नाही, ओल आहे. म्हणजे मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, चामडी पट्टा चार दिवस लटकत ठेवला तर त्याच्यावर हिरवं उगवतं. पातळ सुती चादरी आणा, आणि लागतील त्याच्या दुप्पट आणा.

आता खरी गोष्ट. पणजी बघायची तर हवामानाच्या अॅपपेक्षा भरतीचं टेबल बघा. शहर मांडवीच्या मुखाशी, त्यातला बराच सखल भाग भराव घालून केलेला. मोठी सर आणि भरती एकाच वेळी आली की पावसाचं पाणी नदीत जाणार कुठे, नदीच वर आलेली असते, मग ते ‘१८ जून’ नावाच्या बाजाररस्त्यावर थांबतं. ओहोटीला तोच पाऊस अर्ध्या तासात उतरून जातो. भरती दिवसातून दोनदा, रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. बाजारात जायची वेळ त्यावर ठरवा.

टपावर_थेंब:
मी आणि नवरा गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हेच करून आलोय, कोल्हापूरहून, मुलगा सोबत. मांडवीकाठ दादा ओलीबद्दल म्हणतायत ते शंभर टक्के, पण ती बाहेरून येते असं समजू नका, ती आपणच आत तयार करतो. पहिल्या रात्री पाऊस आत येईल म्हणून सगळ्या खिडक्या गच्च लावल्या. पहाटे चारला माझ्या कपाळावर थेंब. टप गळतोय म्हणून नवरा टॉर्च घेऊन शोधतोय तर गळत काहीच नव्हतं, तिघांचा श्वास पत्र्याला लागून त्याचंच पाणी झालेलं, हात फिरवला तर ओंजळभर निघालं आणि गादीची खालची बाजू ओली चिंब. दुसऱ्या दिवसापासून समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या, त्यांच्यावर बाहेरून रेक्झिनची झालर, आणि एका खिडकीत छोटा १२ व्होल्टचा पंखा उलटा, हवा बाहेर फेकणारा. संपला प्रश्न. ओले रेनकोट रात्री आत नाही म्हणजे नाही. आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका, धूर आत आला तर वास यायच्या आत माणूस जातो.

सोलरच्या भरवशावर राहू नका, सलग तीन दिवस ढग होते, फ्रिज बंद पडला. गाडी चालवून बॅटरी चार्ज होईल म्हणाल तर पणजी-रायबंदर अंतर ते किती. गेस्टहाऊसवाल्याकडून वायर ओढून घेतली, त्याचे पैसे दिले.

आणि फेरीबोट!! दिवाडीला जाताना ओहोटी होती. बोट खाली, रस्ता वर, मधला रॅम्प घसरगुंडीसारखा. पुढची चाकं बोटीवर गेली आणि मागचा लांब शेपटा काँक्रीटला असा घासला की अख्ख्या धक्क्याने मान वळवून बघितलं. एक्झॉस्टचं टोक चपटं झालं. बोटीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, भरतेर येवपाचें." मोठी गाडी असेल तर भरतीलाच चढा.

डिझेलदादा:
सगळं ऐकलं पण पणजीत व्हॅन हवीच कशाला? हॉटेल घ्या, छत्री घ्या, फिरा.

बरं, रस्त्याचं. आंबोलीने जा, पण शनिवार-रविवार नको, धबधब्यापाशी मका खाणारी गर्दी आणि त्यात तुमची ट्रॅव्हलर, तास दीड तास तिथेच. आजऱ्याहून सकाळी लवकर निघा म्हणजे घाट उजेडात उतरतो. धुकं असेल तर हाय बीम लावू नका, समोर पांढरी भिंत होते, डिपरवरच चालवा. चोर्ला सुंदर आहे पण अरुंद, पहिल्यांदा मोठी गाडी चालवणाऱ्याने पावसात जाऊ नये. आणि मेव्हण्याला पैसे देत असाल तर गोव्यात तसं बोलू नका, खासगी पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि तिथे बाहेरच्या गाड्या थांबवून विचारतात. गाडीत जो बदल केलाय तो आरसीवर चढलाय का तेही एकदा बघा.

मांडवीकाठ:
डिझेलबाब, व्हॅन का हवी ते सांगतो. आईचा गुडघा. पाऊस आला की म्हातारं माणूस हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघत बसतं, इथे ती खिडकीत बसून नदी बघेल. पणजीहून रायबंदरला जाणारा जुना कॉजवे, म्हणजे पाणथळीतून बांधून काढलेला रस्ता, १६३३-३४ सालचा, तीन किलोमीटरहून जास्त, एका हाताला मांडवी आणि दुसऱ्या हाताला खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. सर येते ती आधी पलीकडच्या काठावर दिसते, मग नदीवरून चालत तुमच्याकडे येते. घाईच्या वेळेनंतर त्या रस्त्याने सावकाश जा.

फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत मात्र व्हॅन घालायची नाही. गल्ल्या अरुंद, कौलांच्या वळचणी बाहेर आलेल्या, तुमचा उंच टप दोन कौलं घेऊनच बाहेर पडेल. गाडी कांपालला ठेवा, रिक्षाने तिथल्या ‘३१ जानेवारी’ नावाच्या रस्त्यावर उतरा, सकाळी आठच्या आत, भिंती धुऊन निघालेल्या असतात आणि फोटोवाली गर्दी झोपलेली. पणजीच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या आईला चढवू नका, खालूनच छान दिसतं.

पाऊस दिवसभर कोसळला तर पणजीतच पाटो भागात कृष्णदास शामा ग्रंथालय. १८३२ सालची संस्था, आताची इमारत नवी, लिफ्ट आहे, मराठी पुस्तकं भरपूर, मुलांचा विभाग आहे. पर्यटक फिरकत नाहीत. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात निळ्या टाइल्सच्या भिंती आहेत त्या मुलीला दाखवा. आणि तुमचे दिवस आषाढी एकादशीला धरून येत असतील तर द्वादशीला माशेलचा चिखलकालो सोडू नका, देवकीकृष्णाच्या देवळासमोर तेल माखलेले बाप्ये चिखलात लोळतात, आदल्या दिवसापासून भजन चालू असतं, तेही मराठीत. सासऱ्यांना तो व्हिडिओ पाठवा.

खाण्याचं म्हणजे ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, तेव्हा ताजी सुरमई म्हणून कोणी ताट वाढलं तर हसून सोडा. तिसऱ्या (शिंपल्या) खा, खाडीचं मासं खा, सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) खा. संध्याकाळी गाड्यावरचं रस ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेलं ऑम्लेट. वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, गाडी लावलीत तर सकाळी पोदेर (पाववाला) दारात येईल, सायकलला टोपली, वर निळं प्लास्टिक बांधलेलं, भोंगा वाजला की व्हॅनचं दार नुसतं सरकवायचं, गरम पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, हातात. हे हॉटेलात मिळत नाही, डिझेलबाब.

डिझेलदादा:
पोईवर हरलो.

घाटावरचा_पम्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली ग्रंथालय आणि भजन दोन्ही हवं, कॅलेंडर काढून एकादशीला खूणही केली तिने. रजया रद्द, पंखा घेतो, रायबंदरला दोन ठिकाणी फोन लावतोय. ताई, तुम्हाला एकच विचारायचं होतं, एक्झॉस्ट चपटा झाला तर ठोकून परत गोल होतो का, म्हणजे मेव्हण्याला कळणार नाही इतपत?

टपावर_थेंब:
गोल होतो हो. पण आवाज बदलतो, त्याला कळणार.