हॅमरस्टाइनच्या पत्रांत गाणी नेमकी कुठे आहेत?

मुखडा-अंतरा:
मी हौशी नाटकांसाठी गाणी लिहितो. ऑस्कर हॅमरस्टाइन (दुसरा) याचा पत्रसंग्रह मोठ्या आशेने घेतला. २०२२ साली आलेला, मार्क ईडन होरोविट्झ यांनी संपादित केलेला, हजारावर पानांचा ठोकळा. ‘ओक्लाहोमा!’ आणि ‘साउथ पॅसिफिक’ या अमेरिकन संगीतनाटकांची गाणी लिहिणारा माणूस, तेव्हा ओळ कशी सुचली, कुठे अडली ते कळेल असं वाटलं होतं. अजून तरी करार, पात्रनिवड, आभार आणि नकार एवढंच चाललंय. कुणी वाचलाय का? कुठून धरू?

विंगेतला:
पहिल्या पानापासून वाचायला बसलात ना? तिथेच फसतं सगळं.

टाइप केलेल्या पत्राची कार्बन प्रत फायलीत राहते, हाताने लिहिलेलं पत्र मात्र पत्त्यावर निघून जातं. त्यामुळे कुठल्याही नामवंताच्या पत्रव्यवहारात कचेरीचा कागद जास्त उरतो. त्याला इलाज नाही.

दुसरं म्हणजे, माणूस पत्र लिहितो ते समोरचा लांब असला की. त्याचा संगीतकार जोडीदार रिचर्ड रॉजर्स एका फोनवर होता, मग ओळींवरची भांडणं कागदावर येणार कशी? म्हणून दोघं कधी लांब होते ते शोधा. १९५६ च्या अखेरीस ऑस्कर ऑस्ट्रेलियात होता. बायको तिथली, शिवाय मेलबर्नचं ऑलिंपिक. इकडे टीव्हीसाठी ‘सिंड्रेला’ लिहून व्हायचं होतं, ३१ मार्च १९५७ चं थेट प्रक्षेपण ठरलेलं. त्यातलं एक गाणं विचारतं, तू सुंदर आहेस म्हणून मी प्रेम करतो, की प्रेम करतो म्हणून तू सुंदर दिसतेस? त्याच्या ओळींवर दोघांची पत्रं आहेत. ती पेन्सिल घेऊन वाचा, बाकीचं राहिलं तरी चालेल.

वाचताना एक लक्षात ठेवा. त्याचा आधीचा संगीतकार जेरोम कर्न, त्याच्याबरोबर बहुतेक वेळा चाल आधी, शब्द मागून. रॉजर्सबरोबर उलटं. पत्र कोणाला आहे यावरून तक्रार कशाची असेल ते आधीच ओळखता येतं.

आणि सगळंच पत्रात मिळेल असं धरू नका. पुढे संगीतनाटकांचा मोठा गीतकार-संगीतकार झालेल्या स्टीफन सॉन्डहाइमने पंधराव्या वर्षी शाळेसाठी लिहिलेलं संगीतनाटक हॅमरस्टाइनने एका दुपारी समोर बसवून ओळ न् ओळ सोलून काढलं. आयुष्यभराचं शिक्षण त्या दुपारी झालं, असं सॉन्डहाइम पुढे सांगायचा. ते सगळं तोंडी! मुलगा शेजारचा होता, पत्र कशाला लिहील?

तिसरी घंटा:
वरच्याशी सहमत. पण ओळ कशी घडली हेच हवं असेल तर पत्रं बाजूला ठेवा आणि १९४९ च्या त्याच्या गीतसंग्रहाची प्रस्तावना वाचा. ‘कॅरोसेल’ या त्यांच्या संगीतनाटकातलं एक गाणं अपेक्षेइतकं का चाललं नाही, याचा त्याने काढलेला हिशेब तिथे आहे. शेवटचा शब्द ‘टॉक’. ‘क’ आला की आवाज तुटतो, गायिकेला सूर लांबवता येत नाही, मग टाळी कुठून येणार? शेवटी मोकळा स्वर हवा होता, असं तो स्वतःच म्हणतो. ‘ओक्लाहोमा!’च्या गाण्यात मक्याची उंची आधी घोड्याच्या डोळ्याइतकी होती, शेजारच्या शेतात जाऊन पाहिल्यावर ती हत्तीच्या डोळ्यापर्यंत कशी गेली, तेही तिथेच.

मुखडा-अंतरा:
‘टॉक’चं वाचून माझी दोन गाणी आठवली, दोन्हींचा शेवट ‘त’वर! प्रस्तावना मिळवतो. ऑस्ट्रेलियाची पत्रं सूचीतून काढायची, तर ‘डोरोथी’ या नावाखाली बघू का?

विंगेतला:
नको, तारखेवरून जा. हॅमरस्टाइनची बायको डोरोथी आणि रॉजर्सचीही डोरोथी. रॉजर्सने आपल्या डोरोथीला लिहिलेल्या पत्रांचं तर वेगळं पुस्तक आहे. ते भलतंच मागवून बसाल.